तिसरा गोळा

बेटावरच्या बायकांचा दंडक असा की, मनात राग असताना चर्चच्या वेदीवरची भाकर मळायची नाही. शनिवारचं ऊन कललं, तरी स्तमातियाचा राग निवेना. धाकट्या जावेनं, देस्पिनानं, न विचारता सामाईक अंजिराचं झाड तोडलं. भांडण झालं, पंधरा दिवस अबोला. आताही कणीक तिंबताना तिच्या तोंडून जावेला शिवी निसटली. "प्रभू, क्षमा कर," म्हणत तिनं हा तिसरा गोळाही कोंबड्यांपुढे टाकला. डब्यात पीठ संपलं आणि पाद्रीबाबांना उद्या सकाळी भाकर हवी! अंगणात येरझारा घालून ती थकली, शेवटी रिकामी परात घेऊन जावेच्या दारात उभी राहिली. "पीठ दे." "कोंबड्यांना घातलंत ना?" "तुला कुणी सांगितलं?" देस्पिनानं मान खाली घालून परात भरली. "गेल्या रविवारी भाकर करायची पाळी माझी होती, जाऊबाई. माझ्या कोंबड्यांनी तर पाच गोळे खाल्ले."