तीनशे खून माफ

"खऱ्या प्रेमाला सगळे गुन्हे माफ असतात!" लातूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका चंद्रप्रभाबाईंनी कोरियन मालिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल दिला. मालिकेतल्या राक्षसानं प्रेमापायी तीनशे माणसं मारली होती. तरी तो मनानं निर्मळच आहे, लेखिकेनं शेवटी त्याला घरी परत आणावं, असं त्यांचं म्हणणं. एकवीस जणींनी हात जोडले.

शेजारी येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जी या मिश्र भाजीसाठी तुरीच्या शेंगा सोलत बसलेले त्यांचे यजमान बापूसाहेब हळूच म्हणाले, "आपल्या लेकीनं, मालविकेनं तर एकबी माणूस मारला न्हाई. नुसतं जातीबाहेर लग्न केलं. उद्या येळवशीला शेतात आपण वाटसरूलाबी हाक मारून जेवू घालतो. तिला बोलवू का?"

चंद्रप्रभाबाई मोबाईल बाजूला ठेवून टीव्हीवरच्या राक्षसाकडं वळल्या.



"अहो, तेवढा टीव्हीचा आवाज वाढवा."