मागची थरथर

स्वातंत्र्य आलं त्या साली नाथाचा बाप खाडीपलीकडच्या खाणीत सुरुंगाला बत्ती देताना गेला. तेव्हापासून दुपारच्या सुरुंगाआधी नाथाची आई बाळकुमच्या घरात जमिनीवर पाण्याचं ताट मांडून बसायची. धडाका व्हायचा; तो विरल्यावरही पाणी बराच वेळ थरथरत राहायचं. "धडाका लगेच सरतो," ती म्हणायची, "मागून थरथरतो तो तुजा बापूस." कॉलेजात शिकणाऱ्या नाथाला एके दिवशी राहवलं नाही. "आये, हादरा डोंगरातल्या भेगांवर आपटून विखुरतो. त्याचे तुकडे लांबच्या वाटांनी उशिरा पोचतात. बाकी काही नाही." दुसऱ्या दिवशी ताट फळीवरच राहिलं. नाथाला चैन पडेना. त्यानंच ताट मांडलं, पाणी ओतलं. सुरुंग उडाला. पाणी थरथरत राहिलं. "आये, बघ ना." कोलंबी सोलता सोलता, मान वर न करता ती म्हणाली, "भेगा असतील."