भाजलेलं खोबरं

हॅमस्टरच्या पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं आणि आतलं चाक रिकामं. शर्वाणीनं सगळं घर पालथं घातलं. बाहेर जिन्यात मांजर टपून बसलंच होतं.

सासूबाई हॅमस्टरला कायम उंदीरच म्हणायच्या. त्यांनी माळ्यावरून उंदीर पकडायचा जुना सापळा काढला, तशी शर्वाणी कळवळली, "आई, मरेल हो तो!"

त्यांनी भाजलेलं खोबरं आकड्याला लावलं. मग खटकन पडणाऱ्या दाराला मऊ चिंधी गुंडाळली आणि सापळा फ्रिजमागे सरकवला.

तासाभरात दबका आवाज झाला. आत स्वारी गाल फुगवून खोबरं कुरतडत होती! शर्वाणी डोळे पुसत सासूबाईंच्या पाया पडायला वाकली.

"पाया नंतर पड," त्या म्हणाल्या, "आधी त्याच्या चाकात तेल घाल. कधीचं अडकतंय. कंटाळून पळालं लेकरू."