अप्पांच्या फोनवर

“अप्पा, माझा ब्लॉग वाचला का?”

‘घरी विचारायची हिंमत होणार नाही तुझी’ अशी मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून पूर्वानं विचारून टाकलं. दहावीनंतर सायन्स घेणार नाही, हे तोंडावर सांगायची छाती नव्हती. म्हणून तिनं ते ब्लॉगवर लिहून अप्पांच्या फोनवर लिंक पाठवली होती. थीम फुकटातली, पण काय देखणी! पाकळ्या गळायच्या, अक्षरं तरंगत यायची. तेव्हापासून घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणजे चालतंय, असं तिनं धरूनच टाकलं होतं.

“रोज उघडतो की,” अप्पा म्हणाले. आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

अप्पांनी जुना फोन पुढं केला. वर पूर्वाचं नाव, खाली नुसतं पांढरं. त्यातल्या जुनाट ब्राउझरला ती थीम झेपलीच नव्हती.

“अजून लिवायचं ऱ्हायलंय वाटलं, म्हणून वाट बघतोय. काय लिवणार हाईस, पोरी?”

पूर्वानं तो फोन हातात घेतला.

“आई, अप्पा, मी सायन्स घेणार नाही. मी वेबसाइटचं डिझाइन शिकणार. आणि पहिली वेबसाइट या फोनवर उघडेल अशीच करणार!”