अकरा अळ्या

संध्याकाळच्या राउंडला चारच अळ्या भरल्या. परवा अकरा होत्या.

नर्सबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पानन् पान पाहिलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मोजायची सवय सुटली नव्हती. अंगणाच्या उन्हाच्या कोपऱ्यात हे झाड त्यांनी फुलपाखरांसाठीच बीपासून वाढवलं होतं. गोत रुईचं, पण फळं म्हणजे हिरवे केसाळ फुगे. पहिला फुगा धरला तेव्हा त्या शेजारच्या घड्याळजींना म्हणाल्या होत्या, तुमची रविवारची हनुवटी आलीय झाडाला.

घड्याळजी हसले होते. अळ्या दिसल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. ही कीड माझ्या गुलाबांवर आली तर, असं त्यांनी दोनदा विचारलं. ती दुसऱ्या झाडाला तोंड लावत नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी झाडावर एकही अळी उरली नाही. पक्ष्यांनी खाल्ल्या म्हणावं, तर या झाडाचा चीक पोटात गेलेली अळी पक्षी सहसा चोचीत धरत नाहीत. अंगणात दुसरं कोण येणार? शिवाय रोज कुंपणाशी गप्पा मारणारे घड्याळजी आता मागच्या बोळातून ये-जा करत होते. चोराच्या मनात चांदणं, बाई स्वतःशीच म्हणाल्या. घड्याळजींनी परसातून दोनदा हाक मारली, तर बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोघंही एकटी. वेळप्रसंगी उपयोगी पडावी म्हणून एकाच्या घराची किल्ली दुसऱ्याकडे असायची. बाईंना राग आला होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. या वयात किल्ली सोपवावी असं माणूस पुन्हा कुठून आणायचं?

आठव्या दिवशी त्या किल्ली घेऊन निघाल्याच. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: "ही तुमची किल्ली. माझी परत द्या."

रस्त्यावरून वळसा घालून त्या घड्याळजींच्या पुढच्या दाराशी आल्या. दार बंद होतं. चौकटीला, कडीला, अगदी कुलपालासुद्धा हिरवे कोश लटकत होते. दाराच्या मधोमध घड्याळजींच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी होती.

"दार वाजवू नये. मागून यावं. नर्सबाईंची अकरा लेकरं झोपली आहेत."