सावकाश बोला

अकोटचा तनवीर बोलताना फार अडखळायचा, म्हणून फोनवरचं सगळं बोलणं त्याची अम्मी करायची. तिच्या आजारपणात तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, तरी तीच बोलायची. आज पहिल्यांदा त्यानं स्वतः कस्टमर केअरला फोन लावला. भाड्याची ऑक्सिजन मशीन परत न्या, एवढंच सांगायचं होतं. "म... म... मश..." करेस्तोवर एकानं आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. दुसरीनं हसू दाबलं. तनवीरचे कान तापले, तरी त्यानं पुन्हा लावला.

या खेपेची मुलगी थांबली. "सावकाश बोला सर, मले घाई नाही." वऱ्हाडी बोली कानावर पडली तसा त्याला धीर आला. एकेक शब्द जुळवत त्यानं वाक्य पुरं केलं, "म... मशीन घेऊन जा."

"कावून सर, बिघडली का?"

"नाही. चांगली चालून राहिली."

"मंग परत कावून करता?"

तनवीरनं मशीनशेजारच्या अम्मीच्या रिकाम्या खाटेकडं पाहिलं.

"बोला ना सर. मी थांबते."

ती खरंच थांबली. तिला वाटलं, शब्द अडकला असेल. पण या वेळी त्याची जीभ अडखळली नव्हती.