वकिलाचं पेन

"घराचे कागद आमच्याच वकिलाकडून करून घ्या, बाई," दलाल रिस म्हणाला. "दुसरा घेतलात तर बँक कर्जच देणार नाही." स्वान्झीतलं टेकडीवरचं घर ग्लेनिसच्या मनात भरलं होतं, म्हणून ती त्या वकिलाच्या नेमणुकीच्या कागदावर निमूट सही करायला वाकली. त्याने दिलेल्या पेनावर त्याच वकिलाचं नाव छापलेलं होतं. चहाच्या मगावरही तेच, भिंतीवरच्या कॅलेंडरवरही तेच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथूनच बँकेला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि आपल्या गल्लीतल्या प्रॉसर वकीलबाई चालतील का, असं विचारलं. "त्या आमच्या यादीत आहेत की," उत्तर आलं. "घर माझं, कर्ज मी फेडणार, आणि वकील तुझा होय रे?" तिने कागदावरचं नाव त्याच पेनाने खसाखसा खोडलं आणि पेन रिसच्या खिशात खोचलं. "सांग त्याला, पेन चांगलं चालतं."